दाएँ म्हणजे डावं नव्हे

दुर्गापुरा, जयपूर

ती. आईस शि. सा. नमस्कार.

नर्मदा ओलांडली की परदेश, हे तुझं म्हणणं मी आजवर हसण्यावारी नेलं. काल पटलं. गाडीच्या परीक्षेत मी नापास झाले, आणि तेही भाषेत.

गाडी चालवण्यात खोट नव्हती, हे आधी बाबांना सांग. शिकाऊ लायसनाचे 30 दिवस कधीच उलटले होते. रोज पहाटे, टोंक रोडला जाग यायच्या आत, दुर्गापुरा स्टेशनाजवळ क्लासचे मास्टरजी माझ्याकडून वळणं घोटून घेत. डावीकडे वळायचं तर आधीपासून डाव्या कडेला चिकटायचं. उजवीकडे जायचं तर रस्त्याच्या मध्याकडे सरकायचं, समोरच्यांना जाऊ द्यायचं, मगच स्टिअरिंग फिरवायचं. दोन्हीच्या आधी आरसा आणि इंडिकेटर. (इंडिकेटर इथं फक्त मास्टरजींसाठी देतात. बाकी जनता हात, मान किंवा नशीब दाखवून वळते.)

तर काल परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसले आणि म्हणाले, "आगे से दाएँ."

आता 'दा' ऐकल्यावर आपल्या माणसाचा हात कुठं जाणार? मी आरसा पाहिला, डावा इंडिकेटर दिला, कडेला चिकटले आणि असं सुबक वळण घेतलं म्हणतेस! साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, कौतुकानं. मग म्हणाले, "अब बाएँ." दाएँ जर डावं, तर बाएँ उजवंच असणार. तेही वळण सुबक घेतलं.

घरी आल्यावर ह्यांनी सांत्वन म्हणून इतिहास काढला. सवाई जयसिंगानं 1727 साली हे शहर वसवलं ते सरळ रस्त्यांचं आणि काटकोनी चौकांचं. त्याच्याच दरबारातल्या सम्राट जगन्नाथ या मराठी पंडितानं युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली, 'रेखागणित' नावानं. "आपल्या माणसानं इथं काटकोन शिकवले, आणि तू..." पुढचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही.

मास्टरजी मात्र देवमाणूस. म्हणाले, "बहनजी, दाएँ-बाएँ छोड़ो, डावा-जीमणा याद रखो." आई, इथल्या बोलीत डावा म्हणजे डावाच गं! परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. आणि उजवा तो जीमणा, म्हणजे जेवायचा हात. इथं माझा आनंद ओसरला. मी मूळची डावरी. तू पळीचे फटके देऊन मला उजव्या हातानं जेवायला शिकवलंस, पण भूक कडाडली की पोळी मोडायला अजून डावाच पुढं येतो. 'जीमणा' म्हटलं की स्टिअरिंगवर माझे दोन्ही हात शिवशिवतात. तेव्हा या गोंधळात तुझाही वाटा आहे, हे नम्रपणे नमूद करते.

पुन्हा परीक्षा 7 दिवसांनी देता येते. तीनदा आपटले तर मात्र 60 दिवस थांबायचं, म्हणून सध्या घरात कसून सराव चाललाय. उपाय शेवटी तुझ्याच ताटात सापडला. ताटात मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. लहानपणी लोणचं उजवीकडे वाढलं म्हणून तू मला अख्खी पंगत परत वाढायला लावली होतीस, ते कसं विसरेन? तर दाएँ म्हणजे दाल, दाल म्हणजे आमटी, आणि आमटी उजवीकडे. बाएँ म्हणजे उरलं ते, चटणी. पुढच्या काचेचं मी मनात ताट केलंय. आज सकाळी मास्टरजींनी दहादा चकवायला पाहिलं, दहाही वेळा बरोबर वळले. फक्त एका चौकात मी मोठ्यानं "आमटी" म्हणाले, तेव्हा ते जरा दचकले.

बाबांना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. गोडा मसाला संपलाय. पुढच्या परीक्षेच्या आत मिळेल असा पाठव.