एका सेकंदाचा मराठी माणूस

२६ जानेवारी २०२० पासून आमच्या केंद्रशासित प्रदेशाचं नाव 'दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव' असं आहे. तीन 'आणि' असलेला पत्ता घेऊन माणूस फॉर्म भरायला बसला की काय होतं, ते सिल्वासात राहिल्याशिवाय कळायचं नाही. लेकीच्या हॅकेथॉनच्या फॉर्ममधला रकाना 'दमण आणि'पाशी संपला. पुढे अजून काहीतरी आहे, एवढं तरी आयोजकांना कळलं असावं.

हॅकेथॉन म्हणजे काय, हे मला आठवीतल्या लेकीकडूनच समजून घ्यावं लागलं. सहावी ते बारावीची मुलं, सगळं ऑनलाइन, मुदत ४८ तास. 'तुमच्या परिसरातली एक समस्या निवडा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने सोडवा.' आमच्या लहानपणी परिसरातली समस्या आम्हीच असायचो आणि वडील ती पट्टीने सोडवायचे.

तिच्यासमोर अगदीच अडाणी ठरू नये म्हणून मी रात्री थोडं वाचून घेतलं. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात काही विद्वान जमले होते. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव त्याच बैठकीच्या प्रस्तावातलं. दहा माणसं दोन महिने बसली तर या विषयात बरीच मजल मारता येईल, असा त्यांचा अंदाज. हे मी लेकीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आम्ही तिघंच आहोत आणि आमच्याकडे दोन दिवस आहेत." मी गप्प बसलो. शिवाय हे गाव घाईचंच. १९६१ साली भारतातल्या विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंच्या बरोबरीने सही करायला इथलं कुणीतरी हवं, म्हणून बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्यांना एका दिवसासाठी पंतप्रधान केलं होतं. त्या मानाने ४८ तास म्हणजे दोन कारकिर्दी झाल्या.

तिघं म्हणजे आमची लेक, खालच्या मजल्यावरचा सुरती मुलगा आणि समोरच्या फ्लॅटमधली मूळची छपऱ्याकडची मैत्रीण. तिघं एकाच इमारतीत. पण स्पर्धा व्हर्च्युअल, त्यामुळे तिघं आपापल्या खोलीत दार लावून बसली आणि एकमेकांना "ऐकू येतंय का?" विचारू लागली. सुरती पोराचा आवाज आधी खिडकीतून यायचा आणि मग लॅपटॉपमधून.

समस्या माझ्या आईमुळे मिळाली. ती साताऱ्याहून आली होती आणि भाजी आणायला जाऊन हात हलवत परतली होती. "कोथिंबिरीचा भाव विचारला, तर ती बाई तीन भाषांत उत्तर देती रे. मी कुठल्या भाषेत घासाघीस करू?" मुलांनी ठरवलं, समोरचा माणूस कुठली भाषा बोलतोय ते ओळखणारं अ‍ॅप करायचं. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या एका साधनात आवाजाचे नमुने भरायचे, प्रत्येकावर भाषेचं लेबल लावायचं. मग नवा आवाज ऐकला की ते टक्केवारी सांगतं. मात्र ते एकेका सेकंदाचे तुकडे ऐकतं. एका सेकंदात भाषा! आमच्या शेजारच्यांना 'हॅलो' म्हणायलाच तेवढा वेळ लागतो.

नमुने गोळा करायला मी पिशवी घेऊन आणि मुलं मोबाइल घेऊन बाजारात गेलो. खानवेलकडून आलेल्या मावशींसमोर मोबाइल धरला. त्या म्हणाल्या, "केटला जोइए? अर्धा किलो? चलो, ले लो. सुट्टे द्या." आता याला लेबल कुठलं लावणार? मी पिपरियातल्या एका सुताच्या कारखान्यात हिशेब लिहितो. आमच्याकडे दोन लॉटचं सूत चुकून एकत्र गेलं, तर कापड रंगवल्यावर पट्टे उठतात आणि माल परत येतो. हे गाव म्हणजे सगळंच लॉट मिक्स, पण आजवर कुणी परत पाठवलेलं नाही.

खरा घोळ 'बटाटा' या शब्दाने घातला. यंत्र म्हणालं, गुजराती ५१, मराठी ४८. उरलेला एक टक्का कुणाचा, हे मला एकट्यालाच ठाऊक होतं. बटाटा मुळात पोर्तुगीज! पपई, काजू, पगार, चावी हेही तिकडूनच आलेले. १९५४ पर्यंत इथे त्यांचंच राज्य होतं. साहेब गेले, बटाटा राहिला. मी मुलांना पोर्तुगीजचंही एक लेबल लावायला सांगितलं. छपऱ्याच्या मुलीने शांतपणे विचारलं, "अंकल, सँपल कौन देगा?"

मग मी स्वतःचं मराठी तपासून घ्यायचं ठरवलं. घसा खाकरून, आकाशवाणीवर बातम्या देतोय अशा थाटात म्हणालो, "नमस्कार, मी सिल्वासाहून बोलतोय." यंत्र म्हणालं, गुजराती, ९१ टक्के.

मला ते लागलं. ज्या गावाच्या मुक्तीसाठी सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, सशस्त्र तुकडीत सामील झाले, ज्या लढ्याला निधी मिळावा म्हणून लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम केला, त्या गावात मराठी माणूस ९ टक्के? पोर्तुगालने १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा टाकला होता, इथे यायला भारताच्या हद्दीतून वाट मिळावी म्हणून. त्याचा निकाल एप्रिल १९६० मध्ये लागला. एका वाटेचा निकाल लावायला मोठमोठ्या न्यायाधीशांना चार वर्षांहून जास्त लागली, आणि माझा निकाल एका सेकंदात! हे सगळं मी मुलांना ऐकवलं. तेवढ्यात यंत्र सुरूच असल्याने माझा गुजराती टक्का ९४ वर गेला.

कारण सुरती पोराने शोधलं. गुजरातीचे सगळे नमुने त्याने स्वतःच्या घरी, कटकट वाजणाऱ्या पंख्याखाली घेतले होते. आमचा पंखाही तसाच वाजतो. यंत्र गुजराती शिकलंच नव्हतं, पंखा शिकलं होतं. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी लांडगा की हस्की कुत्रा ते ओळखणारं असंच एक मॉडेल मुद्दाम बनवून दाखवलं होतं. ते प्राण्याकडे बघायचंच नाही, मागे बर्फ असला की 'लांडगा' म्हणून मोकळं व्हायचं. मला जरा धीर आला.

मग सगळे पंखे बंद करून, घामाच्या धारांत, नमुने पुन्हा घेतले. त्या साधनाला मागचा गोंगाटही वेगळा शिकवावा लागतो. आमच्या घरातला गोंगाट म्हणून लेकीने हॉलमध्ये फोन ठेवून वीस सेकंद रेकॉर्ड केले होते. मी पुन्हा घसा खाकरून म्हणालो, "नमस्कार, मी सिल्वासाहून बोलतोय." उत्तर आलं: बॅकग्राउंड नॉइज, ९६ टक्के.

"अहो, आता बरोबर आलं बघा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

ते वीस सेकंद घेताना मी हॉलमध्येच फोनवर जीएसटीबद्दल बोलत होतो, हे नंतर उघड झालं. पण तोवर बायकोने ही बातमी तिच्या बहिणीला कळवली होती.

आईने आपला उपाय सुचवला. बिरबलाची गोष्ट. दरबारात एक पंडित आला होता, सगळ्या भाषा अस्खलित बोलणारा. त्याची मातृभाषा कोणती ते कुणाला ओळखता येईना. बिरबलाने रात्री तो झोपेत असताना त्याला ढोसलं आणि तो कुठल्या भाषेत ओरडतो ते ऐकलं. "यंत्रबिंत्र कशाला," आई म्हणाली, "चिमटा काढा." मुलांनी हे 'पुढील सुधारणा' या सदरात लिहून घेतलं.

रविवारी संध्याकाळी सादरीकरण होतं. तीन मिनिटं. स्क्रीनवर परीक्षक, चौकोनात चौकोन. लेक इंग्रजीत झकास बोलत होती. मला मागून जायची मनाई होती, पण चहाचा कप टेबलावर राहिला होता. मी वाकून, चवड्यांवर, अगदी मांजरासारखा निघालो आणि लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरीत पाय अडकून टीपॉयवर आपटलो.

"आई गं!"

मराठी, ९९ टक्के.

आम्ही घरच्या चौघांनी तो आकडा डोळ्यांनी पाहिला. परीक्षकांनी पाहिला नाही, कारण वायर माझ्या पायाबरोबर भिंतीतून निघाली होती आणि आमच्या लॅपटॉपची बॅटरी गेले सहा महिने फक्त नावाला आहे. स्क्रीन काळी झाली. खिडकीतून सुरती पोराचा मूळ आवाज आला, "हॅलो? हॅलो?"

लेकीने वायर लावली, बटण दाबलं आणि गुडघा चोळत बसलेल्या माझ्याकडे वळून बघितलं.

"बाबा, परत एकदा पडता का? अजून पन्नास सेकंद आहेत."