काकूंची नात नाटक 'बसवणार'

"ऐकलंस का गं? आमची नात कॉलेजात नाटक बसवणार म्हणे. नाटकात काम नाही करायची, बसवणार!"

भिंतीपलीकडून काकू. मांडीवर साडी पसरलेली, एका हातात गमची बाटली, दुसऱ्या हाताने डायमंड चिकटवणं चालू. सुरतेतल्या आमच्या कोसाडात दुपारी बायकांचे हात कामात असतात आणि तोंड मोकळं.

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसलं डोंबलाचं! दर वर्षी बाहेरून एक दिग्दर्शक येतो, पैसे घेतो, पोरांना ऊठबस करायला लावतो आणि जातो. ही सरांना म्हणाली, यंदा आम्हीच बसवतो. सर म्हणाले, प्रपोझल लिहून आण. म्हणजे नाहीच की!"

मला तसं वाटत नाही. लिहून मागणारा माणूस निदान वाचायला तरी तयार असतो. ते प्रपोझल पोरीने मला दाखवलं होतं. सुरुवातीची दोन पानं 'रंगभूमीचे समाजातील महत्त्व'. म्हटलं, हे आधी काढ, असले निबंध तपासण्यात सरांचा जन्म गेलाय. कलाकार किती, वेळ किती, खर्च किती, तालीम कुठल्या खोलीत आणि संध्याकाळी त्या खोलीला कुलूप कोण लावणार, एवढं लिही. सरांना कुलपाचीच काळजी जास्त असते.

विद्यापीठांच्या युवक महोत्सवात एकांकिकेला 30 मिनिटं मिळतात, कलाकार जास्तीत जास्त 9 आणि साथीला 3. हिने लिहिली होती 14 पात्रं! का, तर कोणी रुसायला नको. म्हटलं, बाई, पाच जणांना तोंडावर नाही म्हण, मग तू दिग्दर्शक.

"आणि नाटक मराठीत ना?" काकूंना खरं हे विचारायचं होतं.

"नाही हो. हिंदी, इंग्रजी नाहीतर आपल्या राज्याची भाषा, असा नियम आहे. वर सारांश हिंदी किंवा इंग्रजीत द्यायचा. आपलं राज्य गुजरात."

"म्हणजे आम्ही अमळनेरहून आलेले कोणीच नाही?"

"आहात ना! नाटक गुजरातीत, पण त्यात एक आजी आहे. साडीला डायमंड लावता लावता अहिराणीत पुटपुटते."

काकूंचा हात थांबला. "माझी नक्कल करते भवानी? आणि ते काम करणार कोण? एकोणीस वर्षांची पोर?"

आता यात काय मोठं? आपल्या सुरतेचाच हरिहर जरीवाला, म्हणजे संजीव कुमार, बाविसाव्या वर्षी 'ऑल माय सन्स' नाटकात म्हातारा झाला होता. त्याच्या नावाचं नाट्यगृहसुद्धा आहे इथे. पण काकूंना ते पटलं नाही. "तो पुरुष होता," म्हणाल्या. यावर काय बोलणार!

सरांची भीती मात्र मला कळते. पुण्याच्या ललित कला केंद्रात फेब्रुवारी 2024 मध्ये विद्यार्थ्यांच्या नाटकावरून राडा झाला आणि विभागप्रमुख व विद्यार्थ्यांना अटक झाली. असं वाचल्यावर सही करताना कोणाचाही हात कापेल. युवक महोत्सवाच्या नियमांत प्रहसनासाठी तर लिहूनच ठेवलंय की विनोद निरागस हवा, बोचरे टोमणे नकोत. आणि आपल्या विद्यापीठाला नाव कोणाचं? वीर नर्मदचं. त्याने 1864 मध्ये 'डांडियो' हे टीकेचं पाक्षिक काढलं, ते काय निरागस होतं? ज्याच्या नावाची पाटी लावली, त्यालाच आज प्रहसनात नंबर मिळाला नसता.

"पण नाटक पडलं तर?" काकू.

पडू दे. पुण्यात पुरुषोत्तम करंडक 1963 पासून चालू आहे, तिथे कॉलेजची पोरंच एकांकिका करतात. बी. जे. मेडिकलमध्ये शिकत असताना जब्बार पटेल, मोहन आगाशे याच वाटेने नाटकात आले. पुढे 1972 मध्ये 'घाशीराम कोतवाल' बसवला तो डॉक्टर जब्बारांनीच. आणि 2022 मध्ये परीक्षकांनी तो करंडक कोणालाच दिला नाही, एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही म्हणून. म्हणून काय पुढच्या वर्षी पोरं आली नाहीत? आली. भाड्याचा दिग्दर्शक आणून मिळवलेली ढाल ऑफिसच्या कपाटात धूळ खाते. स्वतः बसवून पडलेलं नाटक पोरांना जन्मभर पुरतं.

काकूंनी शेवटी आपली अट सांगितलीच. "करू दे बाई. पण सातच्या आत घरात."

म्हणजे सरांची परवानगी मिळेल एक वेळ, आजीची मिळायची नाही! चारला कॉलेज सुटणार, मग तालीम, मग बस. सातला घरी यायचं तर तालीम कधी करायची? मी सांगून टाकलं, तालीम असेल त्या दिवशी तिला आणायला आमचे हे जातील, स्कूटर नुसती उभीच असते. ह्यांना अजून विचारलेलं नाही.

सरांनाही एक विनंती. सही करा, संहिता आधी एकदा नीट वाचा, खोलीची चावी द्या आणि तालमीच्या वेळी स्टाफरूममध्ये बसून राहा. बाहेरच्या दिग्दर्शकाचे जे पैसे वाचतील, त्यातून पोरांना आपला सुरती लोचो खाऊ घाला.