टीम पाहावी निवडून

न्यू जर्सीत ऑगस्ट उजाडला की मराठी घरांत दोनच विषय असतात. गणपतीत यंदा नाटक कोणतं बसवायचं, आणि पोराला कुठल्या बेसबॉल टीममध्ये घालायचं. पहिल्यावर मंडळाची कमिटी परस्पर भांडून घेते. दुसऱ्याचा काथ्याकूट घरोघरी चालतो, कारण पुढच्या मोसमाच्या ट्रायआउट्स ऑगस्टातच असतात आणि उशीर केला तर चांगल्या टीम भरून जातात म्हणे. आता चांगली टीम ओळखायची कशी? नावावरून तर मुळीच नाही. इथे सगळ्याच एलिट, सिलेक्ट, प्राइम नाहीतर प्रीमियर. ‘बरी’ म्हणावी अशी एकही नाही. तरी दर रविवारी त्यांतल्या निम्म्या हरतात, कारण समोरही एलिटच असतात.

गावच्या लिटल लीगमध्ये हा ताप नव्हता. कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थांनी 1939 साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला तीन टीम जमवून ती सुरू केली. तिचा खाक्या सरळ आहे. घर किंवा शाळा ज्या हद्दीत, ती आपली लीग. आणि सामन्यात प्रत्येक मुलाला थोडंतरी खेळवायचंच. आमचे चिरंजीव गावातल्या एका दातांच्या डॉक्टरांच्या वतीने खेळत. शर्टावर पाठीमागे हसरी कवळी होती. सामना हरला तरी ती हसत राही. सगळं सुखाने चाललं होतं, पण एका बार्बेक्यूला कुणीतरी विचारलं, “अजून टाउन बॉलच? ट्रॅव्हल नाही?” विचारणाऱ्याचा स्वर साधारणपणे ‘अजून मुलगी बघितली नाहीत?’ या जातीचा होता. त्या रात्री आमच्या घरी कुणाला झोप लागली नाही. चिरंजीव घोरत होते.

ट्रॅव्हल बॉल म्हणजे वर्षाला काही हजार डॉलर फी भरून, पहाटे पाचला उठून, दोन तास गाडी हाकत दुसऱ्या एलिट लोकांना भेटायला जाणं. त्यात पहिलाच पेच वयाचा. आमचं पोर जूनमधलं. लिटल लीग मुलाचं वय 31 ऑगस्टला किती भरतं ते धरते, आणि ट्रॅव्हलवाले 1 मेची रेघ ओढतात. त्यामुळे एकाच उन्हाळ्यात तो गावात अकरा वर्षांचा आणि गावाबाहेर दहाचा. आईने दादरच्या गुरुजींकडून त्याची पत्रिका करून घेतली होती, तिच्यात ही सोय नव्हती. वय दोन, तशा बॅटही दोन. लिटल लीगमध्ये 2018 पासून, लाकडी सोडली तर, ‘यूएसए बेसबॉल’चा शिक्का असलेलीच बॅट चालते. ट्रॅव्हलची पोरं वेगळ्या शिक्क्याची, जास्त उसळणारी बॅट वापरतात आणि ती गावात बाद. प्रत्येकीची किंमत ऐकून अण्णा म्हणाले, “एवढ्यात आम्ही अख्खी टीम किटसकट उभी केली असती.”

अण्णा म्हणजे माझे वडील. तरुणपणी भर पावसात क्रिकेटची कांगा लीग खेळलेले. सहा महिन्यांसाठी इथे आले होते आणि बॅटरने फटका मारून बॅट टाकून पळावं, याचा धक्का त्यांना रोज नव्याने बसत होता.

ट्रायआउटला आम्ही तिघं गेलो. मुलांच्या पाठीवर नंबरचे कागद टाचले होते. कोच मंडळी हातात क्लिपबोर्ड घेऊन न्यायाधीशाच्या चेहऱ्याने हिंडत होती. एकाच्या हातात बॉलचा वेग मोजायचं रडार होतं. कुंपणाला बोटं अडकवून बाप उभे होते. माझ्या शेजारचे एक देशपांडेछाप गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलाची ‘एक्झिट व्हेलॉसिटी’, म्हणजे बॅटवरून सुटलेल्या बॉलचा वेग, सांगू लागले. मीही आमची सांगितली असती, पण आमच्याकडे त्या घडीला फक्त उंची आणि वजन होतं.

नंतर पालकांची बैठक. पडद्यावर स्लाइड आली: ‘वी आर ऑल अबाउट डेव्हलपमेंट.’ दुसऱ्या स्लाइडवर ट्रॉफ्या, तिसऱ्यावर फी, चौथ्यावर कूपर्सटाउन. बेसबॉलचं पंढरपूरच ते. हॉल ऑफ फेम तिथेच, आणि बाराव्या वर्षाच्या उन्हाळ्यात तिथल्या टूर्नामेंटला पोरांना न्यायचं हे प्रत्येक टीमचं आमिष. पालक माना डोलावत होते. एवढ्यात अण्णांनी मला कोपराने ढोसलं.

“विचार त्यांना, पोरं किती घेणार.”

“तेरा,” कोच म्हणाले.

“आणि मैदानात किती?”

“नऊ.”

“म्हणजे चार पोरं हजारो डॉलर भरून बाकावर बसणार. त्यांचं डेव्हलपमेंट कुठल्या बाजूने होणार?” हे मराठीत होतं. मी भाषांतर केलं नाही. कोचच्या चिरंजीवांचं नाव शॉर्टस्टॉपच्या जागी आधीच छापलेलं होतं, तेव्हा उरल्या आठच जागा, हेही सांगितलं नाही.

मला धास्ती होती ती हाताची. दहा वर्षांच्या पोराने एका दिवसात 75 पर्यंतच बॉल टाकावेत, अकरा-बाराव्या वर्षी 85 पर्यंत, आणि 66 किंवा जास्त टाकले तर चार दिवस बॉलला हात लावू नये, असं लिटल लीगचं कोष्टक आहे. मेजर लीगवाल्यांनी आणि यूएसए बेसबॉलने 2014 मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाने साधारण असाच सल्ला काढला. पण बऱ्याच ट्रॅव्हल टूर्नामेंटमध्ये बॉल मोजतच नाहीत, इनिंग मोजतात. आणि इनिंग नऊ बॉलांत संपते तशी चाळीसातही. शनिवारी दोन सामने, रविवारी जिंकत गेलात तर आणखी दोन. मग जो पोरगा बरा टाकतो त्याचा हात सगळ्यांनाच आपला वाटायला लागतो. टॉमी जॉनच्या कोपरावर डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये ती प्रसिद्ध शस्त्रक्रिया केली तेव्हा तो तिशी ओलांडलेला, मुरलेला पिचर होता. आता तीच शस्त्रक्रिया शाळकरी पोरांवर होते. बैठकीत एका बापाने तर विचारलं, “ते ऑपरेशन आधीच करून घेतलं तर हात आणखी जोरात चालतो ना?” तो चेष्टा करत नव्हता. मी खुर्ची हळूच मागे सरकवली.

त्यानंतर मी माझी पद्धत काढली. टीम जिंकताना बघायचीच नाही, जिंकताना सगळेच कोच संत असतात. हरताना बघायची, तीही डगआउटच्या मागे, सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा खच पडलेला असतो तिथे उभं राहून. एका टीमच्या शॉर्टस्टॉपच्या दोन पायांमधून सरळ आलेला बॉल निघून गेला. कोचने टोपी जमिनीवर आपटली आणि तिच्यावर पाय दिला. पुढचा बॉल आला तेव्हा तो पोरगा बॉलकडे नव्हे, टोपीकडे बघत होता. तोही गेला. शेजारच्या मैदानावर तश्शीच चूक झाली. तिथले कोच पोट सुटलेले, उन्हाने लाल झालेले. ते ओरडले, “ग्लव्ह जमिनीला लाव, राजा! आणि तुझ्या बुटाची नाडी सुटलीय.” पोराने नाडी बांधली. बाकावर दोघंच होते, आणि दर इनिंगला ते दोघं बदलत होते. राइट फील्डमध्ये, जिथे टीमचं ओझं उभं करायची जगभर प्रथा आहे, तिथे मघाचा पिचर उभा होता. ती टीम दणकून हरली.

“हीच,” मी म्हणालो.

“पण हे सेकंड टीमवाले आहेत,” बायको कुजबुजली. “लोकांना काय सांगायचं?”

चिरंजीवांनी स्वतंत्र चौकशी केली होती. हरल्यावरही पिझ्झा मिळतो असं त्यांना खात्रीलायकरीत्या समजलं होतं. प्रश्न मिटला.

फॉल बॉल, म्हणजे पानगळीतला मोसम, सुरू झाला. अण्णा पहिल्या सामन्यापासून दोन्ही बाजूंचा बॉल न् बॉल वहीत टिपू लागले. सवयच ती. कोचनी ते पाहिलं आणि त्यांना टीमची टोपी देऊन अधिकृत पिच काउंटर करून टाकलं. मागच्या रविवारी समोरच्या टीमचा एक किडकिडीत पोरगा टाकतच होता. अण्णा घडीची खुर्ची मागे सारून उठले आणि पलीकडच्या डगआउटकडे बघून गरजले, “सेव्हंटी-फाइव्ह! बसवा त्याला!” तिथल्या कोचने सांगितलं, इथे इनिंग मोजतात. अण्णा अंपायरकडे गेले. अंपायर असेल सोळा वर्षांचा. त्याला कांगा लीगचा दाखला मराठीतून देण्यात आला. निकाल काही बदलला नाही.

पण पुढच्या इनिंगला त्या पोराची आई आपली खुर्ची उचलून आमच्या बाजूला आली आणि अण्णांच्या वहीत डोकावून बसली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. आता समोरच्या टीमच्या आयांनाही आपापल्या पोरांचे आकडे लागतात, त्यामुळे अण्णांनी रकाने वाढवलेत. व्हिसा संपत आला तरी परतीच्या तिकिटाचा विषय ते काढू देत नाहीत, आणि काल त्यांनी चिरंजीवांना विचारलं की वसंतातला मोसम नक्की कुठल्या तारखेला सुरू होतो.