फ्लॅट बघावा श्रावणात

भिवंडीत घर विकायला काढणारा धोरणी माणूस दसरा ते अक्षय्य तृतीया एवढाच काळ गिऱ्हाइकाला दार उघडतो. लोकांना वाटतं मुहूर्तासाठी. खरं म्हणजे तेव्हा भिंती सुकलेल्या असतात. पुट्टी ओढून वर रंगाचे दोन हात मारले की झालं. पुढे कामवारीला पूर येतो, रंगाचे पोपडे सुटतात, आणि कोपऱ्यात काळे ठिपके उगवतात. तोवर खरेदीखत होऊन गेलेलं असतं.

म्हणून मामांचा हट्ट, घर बघायचं तर श्रावणात. मामांची हयात साइझिंगमध्ये, ताण्याच्या सुताला खळ लावण्यात गेली. दमट हवेत सूत कमी तुटतं, त्यामुळे मागवाल्यांना ही हवा प्यारी. ती किती दमट आहे, हे मामा भिंतीला पालथा हात लावून सांगतात.

काल्हेरच्या एका फ्लॅटमध्ये शिरलो तर उदबत्त्यांचा एवढा घमघमाट, की सत्यनारायणाचा प्रसाद कुठे आहे असं विचारावंसं वाटलं. आतल्या खोलीत कॅलेंडर गुडघ्याच्या उंचीवर टांगलेलं. मामांनी वाकून पाहिलं. ऑगस्टात ते मार्च दाखवत होतं. त्यांनी ते उचललं, तर मागे बुरशीचं अख्खं बेट.

"काका, पावसाळी ओल आहे. उन्हाळ्यात आपोआप जाते," एजंट म्हणाला.

"उन्हाळ्यात आम्हीही जातो. महाबळेश्वरला. पण परत येतो."

मग पाणी येतं कुठून, यावर चर्चा झाली. गच्चीतून येत असेल तर खर्च सोसायटीचा, वरच्यांच्या बाथरूममधून येत असेल तर वरच्यांचा. सोसायटी वर बोट दाखवते, वरचे आणखी वर दाखवतात. त्याच्यावर थेट वरुणराजा. पाण्याची वाट बंद केल्याशिवाय कितीही रंग फासा, बुरशी त्यातून डोकं काढतेच. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो फुकट दुरुस्त करायचा, असं रेरा कायद्याचं कलम १४ सांगतं. ही इमारत सहा वर्षांची होती. बुरशीला कायदा कळतो.

सहज दिसणार नाही असा दोष विकणाऱ्याने स्वतःहून सांगावा, हे तर मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १८८२ पासून लिहिलेलं आहे. कॅलेंडर दोष लपवण्यासाठी टांगलं की तारीख बघण्यासाठी, हे मात्र कोर्टात सिद्ध करत बसायचं.

यथावकाश धामणकर नाक्याजवळचा आमचा जुना फ्लॅटही विकायला निघाला. बायकोने बेडरूमचं कपाट वीतभर डावीकडे सरकवलं. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. फेब्रुवारीपर्यंत थांबायचं ठरत होतं, तेवढ्यात भर पावसात एक गिऱ्हाईक आलं. सोबत छत्री झटकत एक म्हातारे गृहस्थ. त्यांनी चहा नाकारला, थेट बेडरूममध्ये गेले आणि भिंतीला पालथा हात लावला.

मामा ताडकन उठले. "कुठल्या साइझिंगला होता?"

पुढचा तासभर मक्याची खळ चांगली की चिंचोक्याची, हा वाद रंगला. मधेच दोघांनी मिळून कपाट ओढलं. चहा आता चालणार होता. तो संपेपर्यंत आमच्या फ्लॅटची किंमत पन्नास हजारांनी उतरली होती, आणि उतरवली होती मामांनीच.