खोकेश्वर

खेळणं हे खेळण्यासाठी असतं अशी ज्यांची भाबडी समजूत आहे, त्यांना खोकेश्वराच्या घरी फक्त दिवाणखान्यापर्यंत प्रवेश असतो. आतल्या खोलीतल्या कपाटांना काचा आहेत, काचांना कुलपं आहेत आणि कुलपांच्या किल्ल्या कुठे असतात हे बायकोलाही ठाऊक नाही. (‘खोके’ हा शब्द 2022 पासून महाराष्ट्रात कोटी रुपये या वेगळ्याच अर्थाने गाजला. इथे खरोखरचे पुठ्ठ्याचे, समोर प्लॅस्टिकची खिडकी असलेले खोके अभिप्रेत आहेत. कोटींचा विषय पुढे निघणार आहे, पण तो डॉलरमधून.)

खोकेश्वर चाळिशी ओलांडलेला असतो. आयटीत किंवा बँकेत बऱ्यापैकी हुद्द्यावर, गृहकर्जाचे हप्ते वेळेवर भरणारा, सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीबद्दल समंजसपणे बोलणारा. रविवारी टी-शर्टच्या छातीवर वटवाघूळ दिसलं नसतं तर कुणाला संशयही आला नसता. दारू नाही, सिगरेट नाही, शेअर बाजार नाही. लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी ही सगळी चौकशी केली होती. “मुलगा खेळण्यांशी कसा वागतो?” हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

दुखण्याचं मूळ अर्थातच बालपणात आहे. दूरदर्शनवर ही-मॅन तलवार उपसायचा तेव्हा हा डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत, जमिनीवर मांडी घालून, तोंडाचा आ करून बसलेला असे. त्याच सुमारास लिओ कंपनीचे ही-मॅन आणि फनस्कूल कंपनीचे जी. आय. जो दुकानांच्या काचेत लटकायला लागले. वडिलांनी काचेतून किंमत वाचली आणि निकाल दिला, “प्लॅस्टिकच्या बाहुल्याला एवढे पैसे? त्यात वर्षाच्या वह्या येतील.” वह्या आल्या. त्यांत लिहून हा इंजिनियर झाला, पगार मिळवू लागला आणि आता त्या पगारातून वडिलांशी चाललेला तो जुना वाद रोज थोडाथोडा जिंकतो आहे. वडील आता हयात नाहीत, त्यामुळे वादाला अंत नाही.

बापाचा हा आक्षेप हॅस्ब्रो कंपनीने फार पूर्वीच हेरला होता. 1964 साली त्यांनी 12 इंची, कपडे बदलता येणारा, हातपाय वळणारा जी. आय. जो हा सैनिक बाजारात आणला. होती ती बाहुलीच. पण मुलग्याला बाहुली घेऊन देणारा बाप अमेरिकेतही मिळत नव्हता. म्हणून विक्रेत्यांना सक्त ताकीद मिळाली की बाहुली म्हणायचं नाही, अ‍ॅक्शन फिगर म्हणायचं. खोकेश्वर ती ताकीद अजून पाळतो. त्याच्या आईने मात्र ती कधी मानली नाही. “अरे, तुझ्या बाहुल्यांवर केवढी धूळ बसलीय,” असं ती दर आठवड्याला म्हणते, आणि दर आठवड्याला हा म्हणतो, “आई, फडकं लावू नकोस, ब्रश आहे त्याला.” मेकअपचा ब्रश. तो कुणाचा, हा प्रश्न घरात एकदाच विचारला गेला.

आईशी वाद घालताना त्याच्याकडे एक हुकमी एक्का असतो. “दिवाळीत किल्ल्यावर मावळे कोण मांडायचं? ते काय होतं मग?” मुद्दा बिनतोड आहे. मातीचे मावळे, तोफा, गवळणी, सिंहासनावरचे महाराज ही मराठी घरातली मूळ अ‍ॅक्शन फिगर. सांधे वळत नव्हते, हे खरं. मान मात्र निखळायची आणि दरवर्षी फेविकॉलने जोडली जायची. आठवीत असताना मित्राचा जी. आय. जो चार दिवस उसना आणून याने तो महाराजांच्या डाव्या हाताला उभा केला होता. अख्ख्या चाळीने ‘हा कोण सरदार?’ म्हणून विचारलं.

खोकेश्वराला त्याच्या भरात पाहायचं तर कॉमिक कॉनला. 1970 साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका हॉटेलात कॉमिक्सचे तीनेकशे शौकीन जमले, तिथून ही जत्रा सुरू झाली. आज तिथे लाखाच्या वर माणूस लोटतो. भारतात ती 2011 साली दिल्ली हाटमध्ये पहिल्यांदा भरली आणि लवकरच मुंबईत आली. गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात ती भरलेली असली की पश्चिम रेल्वेवर मौज असते. विरार लोकलमधून थानोस उतरतो. त्याचं सोनेरी चिलखत फोमच्या शीटचं असतं आणि दादर ते गोरेगाव दोन्ही हातांनी वर धरून त्याने ते वाचवलेलं असतं. अर्धं विश्व चुटकीसरशी नष्ट करणाऱ्या या महापुरुषाला पूर्वेचा रिक्षावाला “जवळचं भाडं नाही” म्हणून हाकलतो. आत डेडपूल मुखवटा नाकापर्यंत वर करून वडापाव खात असतो आणि त्याची आई बाजूला पाण्याची बाटली धरून उभी असते.

खोकेश्वर या गर्दीत रमत नाही. सोंगं घेऊन आलेल्या या कोस्प्लेवाल्यांकडे तो पंढरीच्या वारकऱ्याने गणपतीतल्या डीजेकडे पाहावं तसं पाहतो. त्याला स्टॉल गाठायचा असतो. दारं उघडायच्या आधीपासून रांगेत उभा राहून, आत शिरल्यावर धावत नाही असं दाखवत धावत, तो कोपऱ्यातल्या जुन्या मालाच्या टेबलापाशी पोचतो. पुढची अर्धी घटका पाहण्यासारखी असते. आधी तो खिडकीतल्या खेळण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तो पुठ्ठा पाहतो. चारही कोपरे बोटाच्या टोकाने, न दाबता चाचपतो. मग मोबाइलची बॅटरी लावून पुठ्ठा तिरका धरतो, म्हणजे घडी पडली असेल तर रेघ चमकते. मग वरचं भोक. दुकानात खिळ्याला अडकवण्यासाठी पुठ्ठ्यावर जे भोक असतं, त्याची टिकली अजून जागच्या जागी असेल तर तो माल ‘अनपंच्ड’, म्हणजे हा सैनिक कधी खिळ्यालासुद्धा लटकला नाही असा सोवळा. शेवटी बबल, अर्थात प्लॅस्टिकचा फुगवटा. पिवळा पडलाय का, कडेला सुटलाय का. एवढं सगळं झाल्यावर विक्रेता म्हणतो, “साहेब, आत फिगर आहे, ती पण बघा.” खोकेश्वर म्हणतो, “ती ठीकच असणार.”

नवी मालिका आली की तो दोन नग घेतो. जगभरच्या संग्राहकांचा दंडक आहे: एक उघडायला, एक ठेवायला. खोकेश्वर दोन्ही ठेवतो.

त्याचं आवडतं पुराण 1977 चं आहे. ‘स्टार वॉर्स’ अनपेक्षितपणे तुफान चालला आणि खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीचा माल नाताळापर्यंत तयार होईना. तेव्हा त्यांनी रिकामं पाकीट विकलं. आत एक प्रमाणपत्र, ते पोस्टाने पाठवा, माल झाला की चार फिगर्स घरी येतील. अमेरिकेतल्या पोरांनी नाताळच्या सकाळी झाडाखालून पुठ्ठा उघडला आणि आतून पुठ्ठाच निघाला. फिगर्स पुढच्या वर्षी आल्या. ही गोष्ट सांगताना खोकेश्वराचा आवाज कापरा होतो. आत काहीच नसलेला खोका! याहून शुद्ध वस्तू त्याच्या मते आजवर निर्माण झालेली नाही.

दुसरं पुराण ‘स्टार वॉर्स’मधल्याच बोबा फेटचं. पाठीवरून स्प्रिंगने अग्निबाण उडवणारा हा फेट 1979 साली जाहीर झाला, पण लहान मुलाच्या घशात बाण अडकेल या भीतीने तसा कधी विकलाच गेला नाही. मागे उरले ते मोजके नमुने. त्यांतला एक 2024 साली अमेरिकेत लिलावात 5 लाख 25 हजार डॉलरला गेला. चार कोटींच्या वर रुपये झाले. या बातमीचं कात्रण फ्रिजवर चुंबकाने लावलेलं असतं. ‘गुंतवणूक’ हा शब्द घरात उच्चारण्याची मुभा त्याला या एका कात्रणाने मिळवून दिली. बायकोने त्यावर एकच विचारलं, “मग तुझं एखादं विकून दाखव.” तेव्हापासून तो शब्दही जपून वापरला जातो.

पैशांची बाजू नाजूक आहेच. 2020 साली सरकारने परदेशी खेळण्यांवरचं सीमाशुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर नेलं, 2023 साली 70 वर. देशी खेळणी उद्योगासाठी हे चांगलंच झालं, असं मला वाटतं. खोकेश्वराला तसं वाटत नाही. अर्थसंकल्पाच्या दिवशी लोक आयकराची वाट पाहतात तेव्हा हा एकटा टीव्हीसमोर ‘खेळणी’ हा शब्द येतोय का म्हणून कान टवकारून बसलेला असतो. मग मार्ग उरतो तो मराठी मध्यमवर्गाचा सनातन मार्ग: न्यू जर्सीहून येणारी मावशी. महिनाभर आधी तिच्या पत्त्यावर माल मागवला जातो, रोज एक आर्जवी फोन जातो. मावशी येते. बॅगेतून बदाम निघतात, शाम्पू निघतात, सगळ्यांना टी-शर्ट निघतात आणि मोज्यांच्या जोडीतून गुंडाळलेला बॅटमॅन निघतो.

“खोका?” खोकेश्वर विचारतो.

“अरे, केवढा होता तो! नुसती हवा. टाकून दिला. त्या जागेत बघ, तुझ्या आईसाठी केवढा मोठा डबा बसला पिस्त्यांचा.”

मोठ्या माणसांपुढे बोलायचं नाही असे संस्कार असल्यामुळे तो फक्त वाकून नमस्कार करतो. पिस्ते त्याने अजून खाल्लेले नाहीत.

भाचा राहायला येणार असला की घराची नाकेबंदी होते. पोरगं सहा वर्षांचं. एकदा ते काचेला नाक लावून उभं राहिलं. “मामा, हा बोलतो?” नाही. “उडतो?” नाही. “लाइट लागते?” नाही. “मग हा करतो काय?” खोकेश्वराने थोडा विचार केला आणि गंभीरपणे सांगितलं, “हा असतो.” उपनिषदांतूनही इतक्या कमी शब्दांत एवढं मिळत नाही. भाचा मात्र टीव्ही लावायला निघून गेला.

माझ्यासारखे चेष्टा करतात तेव्हा तो पुण्याच्या केळकर संग्रहालयाचा दाखला देतो. दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते जमवले, तेव्हाही लोक हसलेच असतील की. खरं आहे. पण केळकरांनी तो सगळा संग्रह शासनाच्या हवाली केला. तू करशील का, असं विचारल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “सरकारला? अरे, ते यादी करायला उघडतील ना!”

त्याच्या संग्रहाचा मुकुटमणी अमेरिकन नाही, गोव्याचा आहे. फनस्कूलचा कारखाना गोव्यात. साचे हॅस्ब्रोचे, रंग मात्र बऱ्याचदा इथल्या मर्जीचे. अमेरिकेत जी. आय. जोच्या छोट्या सैनिकांची ही मालिका 1994 साली थांबली, तरी आपल्याकडे ती पुढे बरीच वर्षं निघत राहिली. त्यामुळे ज्या मालाकडे आपण तेव्हा ‘देशी’ म्हणून नाक मुरडलं, त्याच्यासाठी आज परदेशातले शौकीन चांगले पैसे मोजतात. खोकेश्वराकडचा सैनिक पुठ्ठ्यावर, सीलबंद, अनपंच्ड. हाच तो वह्यांच्या बदल्यात हुकलेला.

या सैनिकाच्या पोटात एक काळं रबरी कडं असतं. पाठीचा स्क्रू काढला की दिसतं. धड, कंबर आणि पाय एवढं सगळं त्या एका कड्यावर तोललेलं. कडं वापराने झिजतं आणि न वापरता सुकतंही. मागच्या पावसाळ्यात आम्ही चहा पीत बसलो असताना कपाटातून बारीकसा ‘टक’ आवाज आला. तीसेक वर्षं कुणाचा हात न लागलेल्या त्या वीराची कंबर बबलच्या आत आपोआप सुटली होती. धड वर, पाय तळाशी आडवे.

दुरुस्ती सोपी आहे. नवं कडं अगदी किरकोळ पैशांत मिळतं आणि काम दहा मिनिटांचं. फक्त बबल फोडावा लागतो. खोकेश्वराने स्क्रूड्रायव्हर आणला, ब्लेड आणलं, चष्मा पुसला. बायको, आई, मी, सगळे श्वास रोखून. त्याने ब्लेड कडेला टेकवलं, बराच वेळ धरलं आणि परत डबीत ठेवलं. आता तो पुठ्ठा जरासा तिरका ठेवलेला असतो, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं की सैनिक गुडघे टेकून नेम धरतोय. आई तेवढं म्हणाली, “तुझ्या बाबांनी वह्या आणल्या तेच बरं केलं. निदान उघडल्या तरी.”

तेव्हा वाचकहो, एक विनंती. या दिवाळीला माळा साफ करताना जुन्या पिशवीत गोव्याचा एखादा जी. आय. जो किंवा लिओचा ही-मॅन सापडला तर भंगारवाल्याला देऊ नका. हात तुटलेला असला तरी चालेल, पाय नसले तरी चालतील, धुऊनपुसून आणायचीही गरज नाही. आधी नीट शोधा, त्याचा पुठ्ठा आहे का. असला तर सैनिक राहू द्या तुमच्याकडेच, पुठ्ठा तेवढा आणून द्या.