लग्नाच्या सीडीला आवरण कोणते घालावे?

आवरण निवडण्याआधी शत्रू ओळखावा, हा या शास्त्राचा पहिला नियम. जळगाव जिल्ह्यातल्या भडगावात त्यासाठी ज्योतिषाकडे जावे लागत नाही. वैशाख आपण होऊन येतो. सीडी-डीव्हीडीच्या साठवणुकीचे आंतरराष्ट्रीय मानक फार तर 23 अंश तापमान आणि 20 ते 50 टक्के आर्द्रता मान्य करते. इथला मे महिना 44-45 अंशांवर पोचतो आणि मानकाची विचारपूस करीत नाही. मानकाच्या थोडे तरी जवळ जायचे तर लग्नाची सीडी उन्हाळ्यात महाबळेश्वरला धाडावी लागेल आणि मृगाच्या सरी येताच, दमट हवेपायी, परत आणावी लागेल. हा खर्च लग्नाच्या वर जात असल्याने आवरणाकडे वळणे भाग आहे.

आवरण निवडताना लोक चकाकती बाजू जपतात. हा न्याय उलटा आहे. सीडीची जाडी 1.2 मिलिमीटर, तिच्यातला मजकूर असतो छापील बाजूला, लाखेच्या पातळ थराखाली. नेमक्या त्याच बाजूवर नवरानवरीच्या फोटोचा स्टिकर बसतो आणि बॉलपेनने ‘चि. व चि.सौ.कां.’ कोरले जाते. डीव्हीडीत मजकूर दोन थरांच्या मधोमध असल्याने ती हा सन्मान जास्त सोसते. तेव्हा दोन्ही अंगांना न शिवता मधल्या भोकावर तबकडी तोलणारी कडक प्लॅस्टिकची डबी हेच योग्य आवरण. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातले तेलकट द्रव्य उन्हाळ्यात सुटून तबकडीला चिकटते, आणि कागदी पाकिटात शिरलेली धूळ काढता-घालताना पॉलिश पेपरचे काम करते. डबी उभी ठेवावी, तीही पत्र्याखालच्या माळ्यावर नव्हे; धाब्याचे घर असेल तर आतल्या खोलीत, जाड भिंतीच्या खालच्या कोनाड्यात.

यावर आक्षेप येतो, की डबी सीडीहून महाग पडते. पडेलही; पण पैठणीची घडी कोणी खताच्या गोणीत घालत नाही. दुसरा आक्षेप जड आहे: घरात प्लेअरच उरलेला नाही, मग जपायचे कशासाठी? खरे तर घरी लिहिलेल्या सीडीतला मजकूर धरणारा रंग उष्णतेने नि उजेडाने गुपचूप फिका पडतो, आणि ती कोणी लावून पाहत नसल्याने तक्रारही येत नाही. म्हणून डबी विकत घेण्याआधी, ज्याच्याकडे अजून ड्राइव्ह चालतो अशा ठिकाणी जाऊन प्रत काढावी आणि ती दोन जागी ठेवावी. आवरण नाश लांबवते, थांबवत नाही. डबीच्या भरवशावर प्रत टाळणाऱ्याने डबी न घेतलेली बरी.

जिचा मजकूर गेला पण चकाकी राहिली, अशा तबकडीला शेतात पाखरे हाकलण्याची नोकरी मिळते. तिला मात्र कोणतेही आवरण घालू नये. भोकातून दोरी ओवावी, वाऱ्यावर फिरू द्यावी, आणि स्टिकर आधी काढावा. नवरानवरीला पाहून पाखरे घाबरतील याची खात्री नाही.