नारळ मिळाला? कर भरा!

नोकरीवरून काढलेल्या माणसाचं दुःख सरकारला कळतं, फक्त 5 लाखांपर्यंत. कामगारकपातीच्या भरपाईवरची ही करमाफीची मर्यादा 1997 पासून तसूभर हललेली नाही. शिल्लक रजेच्या पैशांवरची मर्यादा मात्र 2023 मध्ये 3 लाखांवरून थेट 25 लाखांवर गेली. म्हणजे न घेतलेली रजा मौल्यवान, गेलेली नोकरी किरकोळ.

तेही 5 लाख सरसकट नाहीत. पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, एवढाच हिशेब. मिळालेली रक्कम, हा हिशेब आणि 5 लाख यांत जे कमी, ते माफ. शिवाय तुम्ही कायद्याच्या व्याख्येतले ‘कामगार’ हवेत. हिंजवडीतल्या एखाद्याला पगारवाढीऐवजी ‘मॅनेजर’ हे पद मिळालेलं असतं. बिचाऱ्यानं पेढे वाटलेले असतात. आता ओळखपत्र, लॅपटॉप जमा करून ‘फुल अँड फायनल’चा कागद हाती घेतो, तर टीडीएस आधीच कापलेला! साहेब झालात ना, मग साहेबासारखा कर भरा.

अशा रकमेवर करात सवलत देणारं एक कलम आहे म्हणतात. अटींत बसलात, तर त्यासाठी वेगळा फॉर्म ऑनलाइन भरायचा. वेळ काय, आता भरपूर आहे.